जहाज चालवेल कॉम्प्युटर, पण पाना कोण फिरवणार?

माणसाशिवाय जहाज चालू शकतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण सुट्टीवर सोलापूरला आलो की ओळखीचा प्रत्येक माणूस ‘माणसाशिवाय जहाज चालेल का?’ हा प्रश्न अशा सुरात विचारतो, की मी पोटाच्या काळजीनं ‘छे, शक्यच नाही’ म्हणणार असं त्यानं आधीच ठरवलेलं असतं. चालू शकतं, आणि चालतंयही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

मी व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे. भारतीय क्रू असला की जहाजावर या माणसाला ‘बत्ती साब’ म्हणतात. जनरेटर, मुख्य स्विचबोर्ड, मोटारी, क्रेन, अलार्म, रीफर म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, मध्येच फिरायचा थांबलेला रडारचा स्कॅनर, हे सगळं माझ्या अंगावर. त्यामुळे स्वयंचलित जहाजाची बातमी आली की बाकीचे लोक सुकाणूकडे बघतात आणि माझी नजर चार मजले खाली, इंजिन रूममध्ये जाते.

आधी जे जमलंय ते सांगतो, कारण ते खरंच कौतुकाचं आहे. नॉर्वेत ‘यारा बर्कलँड’ नावाचं ८० मीटर लांबीचं कंटेनर जहाज आहे. यारा ही खत बनवणारी कंपनी. पोर्सग्रुनच्या कारखान्यातून जवळच्या बंदरापर्यंत त्यांचे कंटेनर ट्रकनं जायचे. वर्षाला सुमारे ४०,००० ट्रकफेऱ्या वाचवायच्या म्हणून त्यांनी हे जहाज बांधून घेतलं. वीसफुटी १२० कंटेनर मावतात, डिझेल इंजिन नाही, सगळं बॅटरीवर. २०१७ मध्ये घोषणा झाली तेव्हा २०२० पर्यंत ते पूर्ण आपलं आपण चालेल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मालवाहतूक २०२२ मध्ये सुरू झाली, तीही माणसं बरोबर घेऊन. माणसं टप्प्याटप्प्यानं कमी करायची, असं ठरलं. उशीर झाला म्हणून मी नावं ठेवणार नाही. एवढी मोठी गोष्ट वेळेवर होतच नसते.

जपाननं तर याहून अवघड पाणी निवडलं. २०२२ च्या सुरुवातीला ‘सुझाकू’ हे कंटेनर जहाज टोकियोच्या उपसागरातून इसे उपसागरापर्यंत जाऊन परत आलं, सुमारे ७९० किलोमीटर, बहुतेक वाट स्वतःची स्वतः काढत. टोकियोच्या तोंडाशी जहाजांची जी गर्दी असते तिथं भलेभले कॅप्टन ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची वरची खोली, सोडून हलत नाहीत. माणसं तिथंही जहाजावर होतीच, पण राखीव म्हणून. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मातंगी’ ही मानवरहित बोट मुंबईहून तुतिकोरिनकडे सुमारे १,५०० किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. नौदलाच्या कार्यक्रमात तिला झेंडा दाखवला, तो व्हिडिओ मी जहाजाच्या मेसमध्ये पोरांना दाखवला होता. छाती भरून आली.

आता ‘मेफ्लॉवर’ची गोष्ट. माझं सगळं म्हणणं हिच्यातच आहे. १५ मीटरची ही बोट माणसाशिवाय अटलांटिक पार करणार होती. इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघून अमेरिकेला पोचायचं. वाट काढायला, समोरची बोट ओळखायला, नियमानुसार बाजूला व्हायला कॉम्प्युटर. जून २०२१ मध्ये निघाली आणि तिसऱ्या दिवशी यांत्रिक बिघाडामुळे परत फिरवावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा निघाली. वाटेत बिघाड झाला, म्हणून अझोर्स बेटांवर नेऊन दुरुस्त केली. पुढे जनरेटरनं दगा दिला आणि अमेरिकेऐवजी कॅनडाच्या हॅलिफॅक्सला न्यावी लागली. तिथून दुरुस्त होऊन शेवटी अमेरिकेला पोचली. म्हणजे समुद्रात वाट चुकली नाही, कुणाला धडकली नाही. अडलं ते जनरेटरशी. एखादा इंजिनिअर पाना आणि टॉर्च घेऊन आत असता तर तिला बंदर गाठायची गरजच पडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या जहाजाचं इंजिन रूम ज्यानं पाहिलेलं नाही त्याला थोडं आत नेतो. बहुतेक मोठी जहाजं आजही जड इंधन तेलावर चालतात. हे तेल थंड असताना टाकीतून ओढलंही जात नाही. टाकीत तापवायचं, प्युरिफायर नावाच्या यंत्रात प्रचंड वेगानं फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ काढायचा, मग सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवून इंजिनाला द्यायचं. रिफायनरीतले अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण तेलात राहिले तर सिलिंडरचा अस्तर खरवडून काढतात. त्यामुळे प्युरिफायर, फिल्टर, हीटर यांच्या मागे कुणीतरी सतत असावंच लागतं. आणि हे सगळं बिघडतं कधी? समुद्र खवळल्यावर. जहाज हेलकावे खायला लागलं की टाकीच्या तळाला बसलेला गाळ ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो.

अरबी समुद्रातल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. आमचं इंजिन रूम रात्री बिनमाणसाचंच असतं. ही पद्धत काही नवी नाही, गेल्या शतकापासूनची आहे. काही बिघडलं की ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या खोलीत अलार्म वाजतो. त्या रात्री जनरेटरच्या इंधन फिल्टरचा अलार्म आला. लगेच दुसरा आला, मग जनरेटरच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. राखीव जनरेटर आपोआप सुरू झाला, तो यंत्राचा भाग चोख. पण तेल त्यालाही त्याच टाकीचं. तीन साब, म्हणजे आमचा तिसरा इंजिनिअर, खाली पळाला. फिल्टरला दोन कप्पे असतात, एक चालू ठेवून दुसरा उघडता येतो. जहाज इतकं कलत होतं की एक मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, त्याला कमरेला धरून उभा. तीन साबनं झाकणाचे नट सोडले, जाळी बाहेर काढली. काळ्या चिकट गाळानं ती पूर्ण बुजलेली. डिझेलमध्ये धुतली, बसवली, तोवर दुसरा कप्पा तुंबला. मी स्विचबोर्डपाशी उभा राहून एकेक भार कमी करत होतो. आधी एसी बंद, मग गॅलीचा, म्हणजे स्वयंपाकघराचा चुलाणा, मग रीफर पाळीपाळीनं. उजाडेपर्यंत तेच चाललं होतं. जहाज एकदाही काळोखात गेलं नाही. सकाळी ब्रिजवरच्या लोकांना फक्त एवढंच कळलं, की रात्री एसी बंद होता.

ही रात्र कुठल्याच अहवालात गेली नाही, कारण काही घडलंच नाही. अपघातांपैकी किती अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात याचे आकडे सगळे सांगतात. माणसामुळे जे टळले ते मोजणार कोण?

यावर हुशार लोक म्हणतात, सेन्सर लावा, जास्तीचे पंप लावा, आपोआप धुतले जाणारे फिल्टर लावा. लावलेत की. माझं अर्धं आयुष्य ते सेन्सर दुरुस्त करण्यातच चाललंय. इथं मला आमच्या अण्णांचा कारखाना आठवतो. अण्णा अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मागांची देखभाल बघणारे जॉबर होते. साध्या मागांवर एक कामगार दोन-चार माग बघायचा. नवे माग आले तेव्हा ताण्याच्या प्रत्येक दोऱ्यावर पत्र्याची बारीक पिन आली. दोरा तुटला की पिन खाली पडते, माग जागच्या जागी थांबतो, दिवा लागतो. मग कामगार येऊन दोरा सांधतो आणि माग सुरू करतो. त्यामुळे एक माणूस कितीतरी जास्त माग बघू शकला. ऑटोमेशनचा हा अगदी खरा फायदा. पण त्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: माग थांबला तरी चालतो. टॉवेल उद्या निघेल. जहाज वादळात थांबलं तर लाटा त्याला आडवं करतात, आणि जवळ किनारा असेल तर खडक वाट बघत असतात.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर हेच झालं. ‘वायकिंग स्काय’ या प्रवासी जहाजावर १,३७३ माणसं होती. इंजिनांच्या टाकीत वंगण तेलाची पातळी कमी होती. जहाज जोरात डोलायला लागल्यावर तेल एका बाजूला सरकलं, दाब पडला, आणि यंत्रणेनं इंजिन वाचवण्यासाठी ती आपोआप बंद केली. यंत्रणेनं तिचं काम बरोबर केलं. पण इंजिन वाचवताना जहाज धोक्यात गेलं, आणि हा हिशोब तिला ठाऊक नव्हता. किनारा जेमतेम एका जहाजाच्या लांबीवर उरला होता. खालच्या लोकांनी इंजिनं पुन्हा सुरू केली, म्हणून पुढचं टळलं. हा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी त्या न पाहिलेल्या इंजिनिअरांना हात जोडावेसे वाटतात.

मग ‘डाली’चं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. २६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या या जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं. २१ जणांच्या क्रूमध्ये २० आपले भारतीय. पुलावर खड्डे बुजवत असलेले सहा कामगार गेले. म्हणजे माणसं असूनही झालंच ना? हो, झालं. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं कारण शोधलं ते एका सैल वायरचं. वायरच्या टोकाजवळ तिचा नंबर लिहिलेली बारीक पट्टी असते. ती पट्टी टोकाकडे अशी बसली होती की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत जात नव्हती. हजारो वायरींपैकी एक. मी बातमी वाचली त्या आठवड्यात आमच्या स्विचबोर्डमागे टॉर्च घेऊन एकेक ओळ तपासत गेलो, वायर हलकेच ओढून बघत. हाताला जे कळतं ते स्क्रीनवर दिसत नाही. सैल वायर जोपर्यंत टेकलेली आहे तोपर्यंत कॉम्प्युटरच्या लेखी सगळं हिरवंच असतं. माणसाच्याही नजरेतून ती सुटली, हे खरं. पण ती सापडायची तर जवळ जाऊन तपासणाऱ्या माणसालाच सापडणार होती. आणि त्या रात्री जहाजावरच्या पायलटनं, म्हणजे बंदरातून वाट दाखवणाऱ्या माणसानं, वेळेत धोक्याचा इशारा दिला, पोलिसांनी पुलावरची वाहतूक थांबवली, त्यामुळे गाड्यांमधले लोक वाचले.

घरातही हा विषय निघतोच. माझ्या मेव्हण्याची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे, भगवा वाणाची. चांगला माल न्हावा शेवाला जाऊन रीफरमधून बाहेरदेशी जातो. तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, युरोपला दहा-पंधरा दिवस जास्त लागायला लागले, तेव्हापासून त्याला जहाजांची फार माहिती झाली आहे. त्यानं विचारलं, “दाजी, माणसं काढली तर भाडं कमी होईल की. मग आमच्या फायद्याचंच नाही का?”

मी त्याला रीफरचं सांगितलं. डाळिंब साधारण पाच-सात अंशांवर न्यायचं असतं. जहाजावर असे शेकडो रीफर. रोज त्यांचं तापमान बघायचं, अलार्म आला की शिडी लावून वर चढायचं, पंखा जळाला असेल तर बदलायचा, प्लगमध्ये खारं पाणी गेलं असेल तर सुकवायचा. माणूस नसेल तर बिघडलेला रीफर पुढच्या बंदरापर्यंत तसाच जाणार. आफ्रिकेचा वळसा घालून. तो गप्प झाला, मग म्हणाला, “मग भाडं कमी नकोच.” त्याच्या प्रश्नातला दुसरा भाग मात्र मी टाळला नाही. मोठ्या जहाजाच्या खर्चात इंधन आणि जहाजाचा हप्ता यांपुढे वीस-बावीस जणांचा पगार फार मोठा नसतो. तो वाचवायचा म्हणून दुहेरी इंजिनं, दुहेरी पंप, किनाऱ्यावर चोवीस तास बसणारी माणसं आणि उपग्रहाचं भाडं घ्यायचं, तर सगळी बचत तिथंच जिरते.

तरीही या स्वप्नात जे चांगलं आहे ते मला हवंय. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. जून २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर ‘वान हाय ५०३’ला आग लागली, अठरा जण वाचले, चार बेपत्ता झाले. त्या जहाजांवर कुणीच नसतं तर आज ही माणसं आपापल्या घरी असती, हे मी नाकारू शकत नाही. कोविडमध्ये एका वेळी सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच अडकले होते. चक्रीवादळाच्या पोटात माणूस पाठवायचा तरी कशाला? सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सेलड्रोन’ ही बिनमाणसाची शिडाची बोट सॅम चक्रीवादळाच्या आत शिरली आणि तिथून व्हिडिओ पाठवला. समुद्रतळ मोजणं, वादळ मोजणं, किनाऱ्यावर गस्त, फियॉर्डमधली, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीतली फेरी, बंदरात जहाजं ओढणारी टग, छोट्या पल्ल्याची बॅटरीवरची मालवाहतूक, ही कामं बिनमाणसाची व्हावीत आणि लवकर व्हावीत. बॅटरीच्या जहाजात प्युरिफायर नाही, गाळ नाही, इंजेक्टर नाही. रोज संध्याकाळी धक्क्याला लागलं की माणूस चढून दुरुस्ती करतो. ‘यारा बर्कलँड’ जमलं ते म्हणूनच.

कायद्याचं थोडक्यात. समुद्रावर टक्कर टाळण्याचे नियम १९७२ चे आहेत आणि त्यातला पाचवा म्हणतो, डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवा. कॅमेरा आणि मायक्रोफोन म्हणजे डोळे-कान, असं मानता येईल. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाकडी मच्छीमार बोट एकच बल्ब लावून जाळं टाकून बसलेली असते, लाटांच्या गोंधळात रडारवर ती दिसेल-न दिसेल, तिथं तो कॅमेरा काय करतो हे मला बघायचंय. बुडणाऱ्याला वाचवायला जाणं प्रत्येक जहाजावर बंधनकारक आहे. शिडी सोडणार कोण, हा प्रश्न आहेच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं अशा जहाजांसाठी आधी ऐच्छिक आणि मग सक्तीची नियमावली आणायचं ठरवलंय. सक्तीची १ जानेवारी २०३२ पासून लागू करायचा बेत आहे.

माझी खरी भीती बिनमाणसाच्या जहाजाची नाहीच. मला भीती आहे ती मधल्या टप्प्याची. जहाज तेच, तेल तेच, गाळ तोच, आणि ‘आता सगळं ऑटोमॅटिक आहे’ म्हणून बावीस जणांच्या जागी बारा. पूर्वी चाळीस-चाळीस माणसं असत, तिथून आपण विशी-बाविशीवर आलो, आणि ते बहुतेक ठिकाणी बरोबरच झालं. पण पुढची कपात उरलेल्यांच्या झोपेतून होते. रात्री दोनदा अलार्मला उठलेला माणूस सकाळी बंदरात जहाज लावतानाही ड्युटीवर असतो. तुंबलेल्या फिल्टरच्या त्या रात्री तीन साबला कमरेला धरणारा मोटरमन नसता तर त्यानं ते झाकण उघडलंच नसतं, उघडायला नकोच होतं. नियम लिहिणाऱ्यांनी ‘किमान किती माणसं’ हा आकडा ठरवताना ब्रिजवर किती लागतील एवढंच बघू नये. वादळात एक फिल्टर उघडायला किती जण लागतात, ते एखाद्या चालत्या जहाजावर जाऊन बघावं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं घरी येतात आणि विचारतात, सर, मर्चंट नेव्हीत जाऊ का, पुढे नोकऱ्या राहतील का? मी त्यांना रेडिओ ऑफिसरचं उदाहरण देतो. १ फेब्रुवारी १९९९ ला संकटसंदेशाची नवी उपग्रह यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि जहाजावरची ती जागा गेली. पुढे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या दुरुस्तीनं माझी जागा नियमांत आली, कारण यंत्रं इतकी वाढली की त्यांना बघणारा वेगळा माणूस लागला. मेकॅनिकलवाल्यांनी इंजिन शिकावंच, पण हाय व्होल्टेज, बॅटरी आणि नेटवर्क यांना हात लावायला घाबरू नये. इलेक्ट्रिकलवाल्यांनी ईटीओचा, म्हणजे माझ्याच पदाचा, कोर्स करावा. तो डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतच, आणि जहाज मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नये. जहाजं दुरून चालायला लागली तरी त्यांच्या किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये असा माणूस लागेल, ज्यानं एकदा तरी चालत्या जनरेटरच्या अंगाला हात लावून तो नीट चाललाय की नाही हे ओळखलेलं असेल. तो अनुभव घ्यायला अजून वीस-पंचवीस वर्षं तरी जहाजावरच जावं लागणार आहे, असा माझा अंदाज आहे.